बायबलमधली वजने-मापे आजच्या हिशेबात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेकेल, किक्कार, एफा, हिन, बथ. रविवारच्या वर्गात वचन वाचताना असा शब्द आला की वाचणारा अडखळतो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतेच, "म्हणजे किती?" मी शिकवायला लागले तेव्हा बायबलच्या मागच्या पानावरचा तक्ता बघून आकडा सांगून टाकायचे. पण दोन बायबलांतले तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे मुलांनीच मला दाखवले. तेव्हापासून आकड्याबरोबर तो आला कुठून हेही सांगते. वर्गात आणि वर्गाबाहेर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक शेकेल म्हणजे किती ग्रॅम?

जुन्या करारातला, यहूदाच्या राजांच्या काळातला शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा. हा कागदावरचा अंदाज नाही. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातली दगडी वजने जेरुसलेम, लाखीश आणि आसपासच्या उत्खननांत शेकड्यांनी सापडली आहेत. चुनखडीचे घुमटासारखे गोटे, बुडाशी सपाट, माथ्यावर शेकेलची खूण आणि आकडा कोरलेला. ते तराजूत घातले की एका शेकेलला ११.३ ते ११.४ ग्रॅम पडतात. सगळे गोटे तंतोतंत सारखे नाहीत, पण फरक थोडा आहे.

त्याचा अर्धा भाग म्हणजे 'बेका' (निर्गम ३८:२६) आणि विसावा भाग म्हणजे 'गेरा' (निर्गम ३०:१३). बेका साधारण ५.७ ग्रॅमचा, गेरा अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त. 'बेका' हा शब्द कोरलेला एक चिमुकला दगड जेरुसलेमच्या मंदिराच्या पश्चिम भिंतीजवळून काढलेली माती चाळताना मिळाला आणि २०१८ मध्ये तो जाहीर झाला. कोरणाऱ्याने अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी कोरली आहेत. बहुधा त्याला शिक्के कोरायची सवय असावी. प्रत्येक माणसाने मंदिरासाठी द्यायची चांदी अशाच दगडाने तोलली जात असणार, हे मनात आले की निर्गमातला तो रुक्ष वाटणारा अध्याय मला रुक्ष वाटत नाही.

म्हणजे शेकेल हा आपला तोळाच की!

जवळजवळ. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेकेल त्याच्याहून पाव ग्रॅमने हलका. किक्कार साधारण ३४ किलोचा आणि आपला चाळीस शेरांचा मण ३७ किलोंहून थोडा अधिक. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांना सांगायचे झाले तर 'शेकेल म्हणजे तोळा, किक्कार म्हणजे मण' एवढे पुरते. तराजूतल्या मापाइतकेच ते लक्षातही राहते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. सराफाकडे आज 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमचा, जुना तोळा तो नव्हे. आणि हे साम्य योगायोगाचे आहे. आपला तोळा इस्राएलातून आला असा अर्थ त्यातून काढू नये.

किक्कारात ३,००० शेकेल होते हे कशावरून?

वचनातच गणित सोडवून ठेवले आहे, आणि मला ही जागा फार आवडते. निर्गम ३८:२५-२६ मध्ये ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला. बेरीज होते ३,०१,७७५ शेकेल. ही चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल भरली असे तिथे लिहिले आहे. वरचे १,७७५ वजा करा, उरले ३,००,०००. त्याला शंभराने भागा. पाचवीतल्या मुलीने हे फळ्यावर सोडवले तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला होता.

शेजारच्या बाबेलमध्ये हिशेब साठाच्या पटीत चाले. ६० शेकेलांचा माने, ६० मान्यांचा तालांत (किक्कारचेच दुसरे नाव), म्हणजे ३,६०० शेकेल. यहेज्केल बंदिवासात बाबेलात होता आणि त्याच्या ४५:१२ मध्ये माने २०, २५ आणि १५ मिळून ६० शेकेलांचा दिला आहे. म्हणून माने म्हटले की आधी विचारा, कुणाचा आणि कधीचा. पन्नासाचा धरला तर तो ५७० ग्रॅम भरतो आणि साठाचा धरला तर ६८०.

अब्राहामाने ४०० शेकेल दिले, म्हणजे ४०० नाणी मोजली का?

नाही, तोलून दिली. उत्पत्ती २३:१६ मध्ये क्रियापद तोलण्याचे आहे. नाणे पाडण्याची रीत लुदिया देशात इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास सुरू झाली. त्याआधी चांदीचे तुकडे, कडी, तारा यांचे वजन करून व्यवहार होई. सारेच्या कबरेच्या जागेसाठी अब्राहामाने तोललेली चांदी साडेचार किलोंच्या घरात जाते.

आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाची चांदीची तीस नाणी?

तेव्हा नाणी होती. मंदिराच्या व्यवहारात सोर शहराचे चांदीचे नाणे चाले. त्याचे वजन सुमारे १४ ग्रॅम आणि चांदी उत्तम कसाची. तीस नाणी तीच असतील तर एकूण चांदी ४२० ग्रॅम होते. इथे ११.४ ने गुणू नका. नाव शेकेलचेच असले तरी मधल्या सहाशे वर्षांत वजन बदलले होते. सगळ्यांत जास्त चूक याच ठिकाणी होते.

'हात' किती सेंटिमीटरचा?

साधा हात सुमारे ४४.५ सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा इंच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मराठी वाचकाला हा शब्द समजावावा लागत नाही, हे आपले भाग्य. इब्री हातात दोन विती, सहा मुठी आणि चोवीस बोटे. आपल्या जुन्या मापातही हात चोवीस अंगुळांचा आणि वीत बारा अंगुळांची. कुणी कुणाचे उचलले नाही, शरीर सगळ्यांचे सारखेच.

पण ४४.५ हा आकडा आला कुठून? जेरुसलेमच्या पोटातून. अश्शूरची स्वारी येणार म्हणून हिज्कीया राजाने गिहोन झऱ्याचे पाणी खडकातून बोगदा खणून शहराच्या आत आणले (२ राजे २०:२०). दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. त्या भेटीचा वृत्तान्त बोगद्याच्या भिंतीवर कोरलेला होता. तो लेख १८८० मध्ये सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. झऱ्यापासून तळ्यापर्यंत पाणी १,२०० हात वाहिले, असे त्यात लिहिले आहे. बोगदा आजही आहे, लोक त्यातून गुडघाभर पाण्यात चालत जातात. त्याची लांबी ५३३ मीटर. भागाकार करा, ४४.४ सेंटिमीटर येतात. १,२०० हा गोळाबेरीज आकडा असणार, त्यामुळे दशांशावर हटून बसू नये. तरीही ज्यांनी खणले त्यांचेच माप आणि त्यांचाच बोगदा अशी साक्ष क्वचितच मिळते.

शिवाय एक मोठा हात होता. यहेज्केल ४०:५ मध्ये मापाची काठी सहा हातांची, आणि त्यातला प्रत्येक हात म्हणजे 'एक हात आणि चार बोटे'. साध्या हाताला मूठभर रुंदी जोडली की ५२ सेंटिमीटरच्या आसपास जातो. इजिप्तचा राजहातही सात मुठींचा आणि ५२.५ सेंटिमीटरच्या जवळपास होता. २ इतिहास ३:३ मध्ये शलमोनाच्या मंदिराचे माप 'पूर्वीच्या मापाच्या' हातांनी दिले आहे. तो हा मोठा हात असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते.

मग नोहाचे तारू किती मोठे?

३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. साध्या हाताने सुमारे १३३ मीटर लांब, २२ रुंद आणि १३ उंच. मोठ्या हाताने १५७, २६ आणि १६. लांबीतला फरक फारसा वाटत नाही, पण तिन्ही बाजू गुणल्या की घनफळ सुमारे ४०,००० घनमीटरांवरून ६५,००० वर जाते. हातात आठ सेंटिमीटर वाढले आणि तारू दीडपटीहून मोठे झाले. म्हणून तारवाचे घनफळ एकाच ठाम आकड्यात देणाऱ्याला मी आधी विचारते, हात कुठला धरला?

दावीदाशी लढलेला गल्याथ खरेच साडेनऊ फूट होता?

इथे मापापेक्षा हस्तलिखितांचा प्रश्न मोठा आहे. आपल्या बायबलात त्याची उंची 'सहा हात एक वीत' आहे. साडेसहा हात म्हणजे २ मीटर ८९ सेंटिमीटर, साडेनऊ फूट. पण मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मिळालेल्या शमुवेलच्या प्राचीन गुंडाळीत, जुन्या ग्रीक भाषांतरात आणि पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस याच्याकडे 'चार हात एक वीत' आहे. म्हणजे बरोबर दोन मीटर, साडेसहा फुटांहून थोडे जास्त. त्या काळातल्या पुरुषांमध्ये तोही राक्षसच दिसला असता.

मला चार हातांचा पाठ जुना वाटतो, कारण नक्कल करताना नायकाचा शत्रू मोठा होत जाण्याची शक्यता जास्त, लहान होण्याची कमी. पण वर्गात मी दोन्ही आकडे सांगते. त्याच्या चिलखताबद्दल असा वाद नाही. ५,००० शेकेल पितळ म्हणजे ५७ किलो आणि भाल्याचे लोखंडी पाते ६०० शेकेलांचे, म्हणजे जवळजवळ ७ किलो. सिमेंटची पोती वाहणाऱ्याला विचारा. एक पोते ५० किलोचे असते. त्याहून जड ओझे अंगावर चढवून हा माणूस चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ पुढे येत होता.

एफा, ओमर, बथ, हिन, होमर. गोंधळ होतो. यांची उतरंड कशी?

आपल्याकडे चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी एकातून एक मापे चढत जातात, तशीच ही. आपली बहुतेक दुपटीने वाढतात, त्यांची दहा, तीन, सहा अशी मिसळून.

मध्यभागी एफा ठेवा. धान्य मोजले तर तो एफा आणि तेल-पाणी मोजले तर बथ. यहेज्केल ४५:११ सांगतो की दोन्हींचे माप एकच. दहा एफांचा एक होमर. त्यालाच कोर असेही म्हणत. एफाचा दहावा भाग ओमर, म्हणजे रानात रोज माणशी मिळालेला मान्ना (निर्गम १६:३६). एफाचा तिसरा भाग सेआ, सेआचा सहावा भाग काब. पातळ पदार्थांत बथाचा सहावा भाग हिन आणि हिनाचा बारावा भाग लोग.

एफा २२ लिटरचा धरला तर होमर २२० लिटर, सेआ सव्वासात लिटर, हिन पावणेचारपेक्षा किंचित कमी, ओमर २.२ लिटर, काब सव्वा लिटरच्या आसपास आणि लोग ३०० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर.

माझ्याकडच्या तक्त्यात एफा ३९ लिटर दिला आहे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, पुरावा वेगळा आहे. २२ चा आकडा राजांच्या काळातल्या, 'बथ' असा शब्द कोरलेल्या रांजणांवरून काढला आहे. ते रांजण फुटके मिळाले आणि खापऱ्या जुळवून त्यांचा आकार ठरवावा लागला, हे ध्यानात ठेवा. दुसरीकडे योसेफस सांगतो की बथात ७२ रोमी सेक्सटारियस मावतात. एक सेक्सटारियस अर्ध्या लिटरहून थोडा मोठा, म्हणजे बथ ३९ लिटरचा होतो. योसेफस यशयानंतर सुमारे आठशे वर्षांनी लिहीत होता आणि ग्रीक-रोमी वाचकांना त्यांच्या ओळखीच्या मापात समजावत होता.

माझी रीत अशी. राजांच्या आणि संदेष्ट्यांच्या पुस्तकांना २२, नव्या कराराच्या काळाला ३९. आपल्याकडची पायलीही एका तालुक्यातून दुसऱ्यात गेली की बदलायची, आणि तिथे राजा एक, भाषा एक असूनही बदलायची. आठशे वर्षांत माप बदलले यात नवल नाही.

मंदिरातल्या गंगाळसागरात किती पाणी मावत होते?

१ राजे ७ म्हणते २,००० बथ, २ इतिहास ४ म्हणते ३,०००. व्यास १० हात, उंची ५ हात, घेर ३० हात. हे गणित जरूर करून पाहा.

साध्या हाताने व्यास ४.४५ मीटर आणि उंची २.२ मीटर. उभ्या पिंपासारखा आकार धरला तर सुमारे ३४,६०० लिटर मावतात. २,००० ने भागले तर बथ १७ लिटरचा येतो. मोठ्या हाताने तेच पिंप ५५,००० लिटरांचे होते आणि बथ २७ लिटरांचा. खापऱ्यांवरून काढलेले २२ बरोबर या दोन्हींच्या मध्ये बसतात. काठ कमळासारखा उमललेला होता असे वर्णन आहे, म्हणजे तो सरळ पिंप नव्हता, त्यामुळे खरा आकडा आणखी हलतो. ३,००० बथ धरले तर मात्र साध्या हाताने बथ साडेअकरा लिटरांवर येतो आणि तो कुठल्याच रांजणाशी जुळत नाही.

घेर ३१.४ हात हवा, ३० कसा, हाही प्रश्न दरवर्षी येतो. सरळ उत्तर म्हणजे गोळाबेरीज. दुसरे उत्तर वचनातच आहे. भिंत मूठभर जाड होती. व्यास बाहेरून मोजला आणि घेर आतून, तर ३०.४ येतात.

लिटरचे किलो कसे करायचे? रूथने नेलेले धान्य किती जड होते?

धान्य पाण्यापेक्षा हलके. जवाचा एक लिटर साधारण ६०० ग्रॅम भरतो, गव्हाचा पाऊण किलोच्या वर. रूथने पहिल्या दिवशी सरवा वेचून झोडपला तेव्हा एफाभर जव निघाला (रूथ २:१७), म्हणजे सुमारे १३ किलो. दिवसभर वाकून सरवा वेचणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी कमाई आहे. शेताचा मालक बवाज याने गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसे सोडायला सांगितले होते, हे त्या आकड्यातून दिसते.

पुढच्या अध्यायात (३:१५) बवाज तिच्या पदरात सहा मापे जव घालतो. इथे इब्री वाक्यात मापाचे नावच नाही, फक्त 'सहा जव' आहे. मग गणित मदतीला येते. सहा एफा म्हणजे ८० किलो, पदरात बांधून पहाटे गावात नेणे अशक्य. सहा ओमर म्हणजे ८ किलो, आदल्या कमाईहूनही कमी, आणि बवाज तसा हात आखडणारा नव्हता. सहा सेआ म्हणजे २६-२७ किलो. डोक्यावरून सरपणाचा भारा आणणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे ओझे अनोळखी नाही. मी सेआ धरते.

नव्या करारात 'रुपये' कसे आले?

आपल्या प्रचलित मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी परकी नाणी आणि मापे आपल्या ओळखीच्या शब्दांत आणली. दिनार हे रोमी चांदीचे नाणे, त्याचा झाला रुपया. मत्तय २५ मधल्या दाखल्यात पाच तालांतांचे 'पाच हजार रुपये' झाले. मत्तय २० मध्ये मजुरांची रोजी एक रुपया ठरते. त्या काळी रुपया चांदीचा, तोळाभर वजनाचा होता, त्यामुळे वाचणाऱ्याला तो हातात जाणवत असे. त्यांची दृष्टी मला चांगलीच वाटते.

अडचण आज होते. रुपया तोच शब्द राहिला, पण मोल पार बदलले. मुलांना वाटते की धन्याने चाकराला हजार रुपये दिले आणि त्याने ते पुरले, त्यात एवढे काय? म्हणून इथे ग्रॅम किंवा चांदीचा आजचा भाव वापरू नये. दिनारात सुमारे ३.९ ग्रॅम चांदी होती, पण आजच्या भावाने काढलेली तिची किंमत तेव्हाचे मोल सांगत नाही. चांदी तेव्हा कितीतरी दुर्मिळ होती. मजुरीने मोजा. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मध्येच आहे.

एका तालांतात ६,००० दिनार. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर वीस वर्षांची मजुरी. तुमच्या गावात आज शेतमजुराला ५०० रुपये मिळत असतील तर एक तालांत म्हणजे ३० लाख. सर्वांत कमी ज्याला मिळाले त्या चाकराने ३० लाख जमिनीत पुरले, आणि पाच तालांतवाल्याच्या हाती दीड कोटी होते.

आता मत्तय १८. राजाने चाकराला १०,००० तालांत माफ केले. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, वरच्या हिशेबाने ३,००० कोटी रुपये. हेरोद अंतिपास याला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला २०० तालांत मिळत, असे योसेफसने नोंदवले आहे. म्हणजे हे कर्ज त्या प्रांतांच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाएवढे. ऐकणारे गालीलकर होते, त्यांना हा आकडा ऐकून धक्काच बसला असणार. तोच चाकर बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो तो १०० दिनारांसाठी, म्हणजे ५०,००० रुपयांसाठी. ५०,००० ही आपल्यासाठी थोडकी रक्कम नाही, ते देणे खरे होते. पण दोन्ही रकमांत सहा लाख पटींचे अंतर आहे. हे अंतर कळले नाही तर दाखला अर्धाच ऐकला.

विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या? टोली म्हणजे मुळातला लेप्टा. दोन लेप्टा म्हणजे एक कोद्रांत, आणि ६४ कोद्रांतांचा एक दिनार. म्हणजे ५०० रुपये मजुरीतले आठ रुपये.

शेर आणि मण ही रूपांतरे कितपत बरोबर आहेत?

एक तर विलक्षण बरोबर आहे. काना गावच्या लग्नातले रांजण 'दोन दोन, तीन तीन मण' पाण्याचे होते असे आपल्याकडे आहे. मूळ ग्रीक माप मेत्रेतेस, सुमारे ३९ लिटर. आपला मण ३७ किलोंचा, म्हणजे ३७ लिटर पाणी. याहून नेमका शब्द सापडणे कठीण. सहा रांजण मिळून साधारण ४७० ते ७०० लिटर द्राक्षारस झाला.

मरीयेने आणलेले जटामांसीचे तेल 'अर्धा शेर' आहे. मूळ माप रोमी पौंड, ३२७ ग्रॅम. अर्धा शेर ४६६ ग्रॅम भरतो, म्हणजे इथे दीडपटीला थोडे कमी झुकते माप पडले. त्या तेलाची किंमत ३०० दिनार, वर्षभराची मजुरी. प्रकटीकरण ६:६ मधला 'रुपयाला शेरभर गहू' मात्र पुन्हा जवळचा आहे. मूळ माप लिटरभराचे, एका माणसाचे दिवसाचे धान्य. दिवसभर राबून फक्त स्वतःपुरते पीठ मिळावे आणि घरच्यांना काही उरू नये, हा त्या वचनातला दुष्काळ आहे.

अंतरे कशी काढायची?

स्तादिय सुमारे १८५ मीटरचे. जेरुसलेम ते अम्माऊस ६० स्तादिये, म्हणजे ११ किलोमीटर. काही जुन्या हस्तलिखितांत १६० आहेत, म्हणजे जवळपास ३० किलोमीटर, आणि जेवणावर बसलेले शिष्य त्याच रात्री उठून परत जेरुसलेमला गेले हे पाहता ते अवघड वाटते. बेथानी १५ स्तादिये, पावणेतीन किलोमीटर. शब्बाथाची मजल, म्हणजे विश्रामवारी चालायची मुभा असलेले अंतर, २,००० हात, किलोमीटरला थोडे कमी. मत्तय ५:४१ मधला मैल रोमी आहे, सुमारे १,४८० मीटर.

प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये खलाशी बुडीद टाकून पाणी मोजतात, आधी २० वाव, मग १५. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारे अंतर. कोकणच्या किनाऱ्यावर हा शब्द कोळ्यांना सांगावा लागत नाही. ३७ मीटरांवरून २८ मीटर.

सगळ्याच मापांचे रूपांतर करावे का?

नाही. यशया ५:१० म्हणतो, होमरभर बियाण्याला एफाभर पीक येईल. लिटर काढत बसलात तर अर्थ निसटतो. होमर म्हणजे दहा एफा, एवढे पुरे. दहा पायल्या पेरल्या आणि एक पायली घरी आली. शेतकऱ्याला पुढे काही सांगायला नको.

आमोस ८:५ मधले व्यापारी 'एफा लहान आणि शेकेल मोठा' करतात. यात दुहेरी फसवणूक आहे. धान्य मोजून देताना माप लहान, आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलून घेताना दगड जड. दांडी मारणे, माप मारणे हे शब्द ज्या भाषेत आहेत तिला हे वचन लगेच कळते. याउलट लूक ६:३८ मधले माप 'दाबून, हालवून व शीग भरून' आहे. ज्याने सपाट माप आणि शिगेचे माप यांतला फरक डोळ्यांनी पाहिला आहे त्याला लिटरची गरज नाही.

'पीम' हा काय प्रकार आहे?

१ शमुवेल १३:२१ मध्ये पलिष्टी लोक नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवून देतात, आणि तिथे 'पीम' हा शब्द येतो. बायबलात तो दुसरीकडे कुठेच नाही. अर्थ कळेना म्हणून १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'कानस' असा तर्क केला गेला. विसाव्या शतकात 'पीम' असे कोरलेली दगडी वजने मिळू लागली. सुमारे ७.८ ग्रॅम, शेकेलचे दोन तृतीयांश. म्हणजे तो शब्द अवजाराचा नव्हताच, पाजवण्याच्या मजुरीचा होता. मातीतून निघालेल्या एका गोट्याने वाक्य उलगडले.

आजचे यहूदी लोक कुठले आकडे धरतात?

तिथेही दोन मते आहेत. धार्मिक विधींसाठी मापे कोंबडीच्या अंड्यावरून काढायची परंपरा आहे, ४३२ अंडी म्हणजे एक एफा. रब्बी नाए यांच्या हिशेबाने हात ४८ सेंटिमीटर आणि एफा सुमारे २५ लिटर. 'हाजोन ईश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या हिशेबाने हात ५७.६ सेंटिमीटर आणि एफा ४३ लिटर. वल्हांडणानंतर ४९ दिवस ओमर मोजण्याची रीत कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल घरांतही आहे. त्यात मोजायचे असतात ते दिवस, लिटर नव्हे.

उत्तर किती दशांशांपर्यंत लिहावे?

दशांश नकोतच. २०० शेकेल म्हणजे २.२८ किलो असे अबशालोमच्या केसांबद्दल लिहिलेले दिसते, आणि तिथे तर 'राजाच्या वजनाने' असेही म्हटले आहे, जे कदाचित थोडे जड होते. 'सव्वादोन किलोंच्या आसपास' लिहा. वचनात गोल आकडा असेल तर उत्तरही गोलच ठेवा. जिथे हात की मोठा हात, २२ की ३९ असा प्रश्न असेल तिथे दोन्ही उत्तरे लिहा.

लहान मुलांना हे कसे दाखवावे?

सुतळी घ्या. वर्गातल्या प्रत्येकाचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजा आणि गाठी मारा. कुणाचे दोन हात सारखे येणार नाहीत, मग मापाची काठी का लागते हे मुले आपणच म्हणतात. भिंतीवर खडूने दोन मीटरवर एक रेघ आणि २.८९ मीटरवर दुसरी काढा. दुसरीसाठी स्टूल लागेल. ओमरसाठी दोन लिटरची बाटली तांदळाने भरा आणि वर एक पेलाभर तांदूळ ठेवा. शेकेलसाठी घरातल्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ११ ग्रॅम खडे मोजून पुरचुंडी बांधा. ती प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा, डोळे मिटायला सांगा, आणि मग निर्गम ३८ वाचा.